बेघरांचा अर्ज आणि जागेचा दाखला

शासनाने एखाद्या दुर्बल वर्गासाठी अनुदान जाहीर करणे आणि ते त्या वर्गातील सर्वांत दुर्बल माणसाच्या हाती प्रत्यक्ष पडणे, या दोहोंच्या मध्ये अर्ज नावाची जी एक वस्तू उभी असते, तिच्याकडे आपले राज्यकर्ते, वृत्तपत्रे आणि खुद्द नागरिकही फारशा गांभीर्याने पाहत नाहीत. योजना बरी की वाईट, रक्कम पुरेशी की तुटपुंजी, यांवर सभागृहात आणि चव्हाट्यावर वाद रंगतात. अर्ज कोणी करावयाचा आणि त्यासोबत काय काय जोडावयाचे, हा मात्र कारकुनी तपशील समजून सोडून दिला जातो. मोताळा तालुक्यातील घरकुलांच्या प्रश्नाचा विचार करताना माझी अशी खात्री होत गेली आहे की बेघरांच्या निवाऱ्याचे यशापयश पुष्कळदा या कारकुनी तपशिलातच ठरून जाते.

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरच्या दिशेने निघाले की नळगंगेच्या खोऱ्यातील हा तालुका लागतो. जिल्ह्याच्या बोलण्यात ज्याला घाटाखालचा मुलूख म्हणतात त्यातलाच हा एक भाग. कापूस, सोयाबीन आणि मका यांवर जगणारा, आणि पावसाने पाठ फिरविली की मजुरीसाठी माणसे परगावी पाठविणारा. येथे उड्डाणपुलाखाली किंवा स्थानकाच्या फलाटावर निजणारी माणसे शोधू गेल्यास क्वचितच सापडतील, आणि म्हणून येथे बेघर नाहीत असा समज करून घेणे सोयीचे जाते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर आढळलेल्या माणसांची शिरगणती झाली, तेव्हा महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार बेघर नोंदले गेले. परंतु चार वासे रोवून त्यांवर ताडपत्री ओढलेल्या खोपटातील कुटुंब त्या गणनेत बेघर ठरत नाही. त्याचे ते खोपट शासनाच्या दप्तरी कच्चे का होईना, पण घर म्हणून चढते. ग्रामीण बेघरपण हे असे असते. ते धाकट्या भावाच्या पडवीत असते, गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर असते, आणि वर्षातील काही महिने तर ते गावातच नसते.

न्यायाने बोलावयाचे तर योजनेच्या मसुद्यात या माणसाची उपेक्षा झालेली नाही. इंदिरा आवास योजनेची जागा घेणारी प्रधानमंत्री आवास योजना १ एप्रिल २०१६ पासून ग्रामीण भागात अमलात आली, तेव्हा निवाराच नसलेली कुटुंबे, भिक्षेवर जगणारी निराधार माणसे, वेठबिगारीतून मुक्त केलेले मजूर अशांचा समावेश कोणतीही अन्य कसोटी न लावता आपोआप व्हावा, असे तिच्या नियमांत स्पष्ट लिहिले गेले. भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी आहे, हेही त्याच नियमांत आहे. कागदावर इतकी उदार असलेली योजना व्यवहारात इतकी कठोर का होते, याचे उत्तर मंजुरीच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या एका कागदात सापडते. घर बांधावयाचे ती जागा तुमच्या नावावर आहे काय, असल्यास ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा जोडा. ज्याला जागा आहे त्याचे काम पुढे सरकते. ज्याला नाही त्याच्या नावापुढे ‘जागा उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो आणि प्रपत्र ‘ड’ नावाच्या त्या दीर्घ प्रतीक्षायादीत तो वर्षानुवर्षे जिथल्या तिथे राहतो. बेघरांत जो सर्वांत अधिक बेघर, त्यालाच नियमाने पहिला मान दिला आणि पद्धतीने शेवटचा क्रमांक दिला, असा हा विचित्र प्रकार आहे.

आता जागा नाही म्हणजे जमीनच नाही असे थोडेच आहे? वऱ्हाडच्या जुन्या जमीन महसूल व्यवस्थेने सरकारी जमिनींचे जे वर्ग पाडले, त्यांपैकी चराईच्या ‘ई-क्लास’ जमिनीचे नाव आजही बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात पोराबाळांना ठाऊक असते. गायरान हा शब्द पश्चिम महाराष्ट्रात जितका रूढ, तितकाच ‘ई-क्लास’ इकडे. या जमिनींवर कित्येक ठिकाणी शेतीची अतिक्रमणे आहेत आणि कित्येक ठिकाणी राहत्या घरांचीही. दोहोंना एकाच तराजूत तोलणे मला अन्यायाचे वाटते. दहा एकर वहिवाटणारा आणि दहा हात जागेवर चूल मांडणारा यांना अतिक्रमक हे एकच नाव मिळते, आणि कारवाईची नोटीस निघाली की ती बहुधा चुलीच्या दारावर आधी डकविली जाते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ५१ अन्वये अतिक्रमण नियमानुकूल करण्याचा आणि कलम १२२ अन्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने, १ जानेवारी २०११ पूर्वीची राहत्या घरांची अतिक्रमणे ‘सर्वांसाठी घरे’ या धोरणाखाली नियमानुकूल करण्याचा मार्ग मोकळा केला आणि ५०० चौरस फुटांपर्यंत जागेचे मूल्य घेऊ नये असेही ठरविले. दुसऱ्या बाजूस सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश देऊन ठेवला आहे, आणि त्या निकालातही भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जागांचा अपवाद मानलेला आहे. म्हणजे न्यायालयाने दार बंद केलेले नाही. परंतु कलम वाचून अपवाद शोधण्यापेक्षा ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ असा शेरा मारणे कचेरीला केव्हाही कमी तसदीचे असते. गुराख्यांचाही त्या जमिनीवर हक्क आहे, हे मी विसरत नाही. चराई शिल्लक राहावी म्हणूनच वस्तीला एका कडेस, मोजून, नकाशावर रेखा आखून जागा दिली पाहिजे. वस्ती कोठे संपते हे ठरविलेच नाही, तर चराईचेही रक्षण होत नाही.

जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. तीत पूर्वी ५० हजार रुपये मिळत, २०२४ पासून ही मर्यादा १ लाखापर्यंत वाढविली गेली. वाढ स्वागतार्ह आहे. मात्र या योजनेच्या पूर्वेतिहासात आपल्या राज्यकारभाराचा एक मासला पाहावयास मिळतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. एका खात्याने गरिबाला ५०० चौरस फूट जागा घेण्यासाठी पैसे द्यावेत, आणि दुसऱ्या खात्याच्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचा एवढा लहान तुकडा खरेदीखताने नोंदविण्यासच मज्जाव करावा, अशी स्थिती अनेक वर्षे होती. घरकुलापुरती ही गाठ सोडविण्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले. खेड्यात मोकळी बिगरशेती जागा विकणारा मनुष्य सापडणे मुळातच दुर्मिळ, आणि सापडला तरी घेणारा पारधी किंवा भटक्या समाजातील आहे हे कळताच त्याचा विचार कसा बदलतो, याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

या समाजांची आणखी एक अडचण आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध यांच्यासाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारध्यांसाठी पारधी आवास, विमुक्त आणि भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास, अशा योजनांचे दरवाजे वेगवेगळे असून कोणत्या दरवाजाशी उभे राहावयाचे हे जातीच्या दाखल्यावर ठरते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या अर्जदारास तो दाखला मिळविण्यासाठी आपले कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून या राज्यात आहे, असे सिद्ध करावे लागते. विदर्भात त्यासाठी पूर्वजांच्या शाळेतील नोंदी काढतात, त्या नसल्यास जन्ममृत्यूच्या जुन्या कोतवाल बुकाची नक्कल काढतात. ज्याचा आजा एका गावात महिनाभरही टिकू दिला जात नव्हता, त्याच्या जन्माची नोंद कोणत्या कोतवालाने कोणत्या बुकात केली असेल? भटकंतीचा पुरावा म्हणून स्थायिक असल्याचा कागद मागणारी ही रीत ज्याने बसविली, तो मनुष्य बुद्धिमान असावा; पण तो वस्तीवर कधी गेला नसावा.

अनुदानाच्या रकमेविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये हा आकडा २०१६ पासून तोच आहे. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० रुपये, शौचालयाचे १२,००० आणि राज्याने २०२५ मध्ये जाहीर केलेले ५०,००० (त्यांतील १५,००० छतावरच्या सौर संचासाठी) धरून बेरीज सव्वादोन लाखांच्या आत राहते. पहिला हप्ता १५ हजारांचा. मंजुरीचे पत्र हाती पडताच जुने खोपट मोडून पाया खणावयाचा, जोत्यापर्यंत काम आले की छायाचित्र अक्षांश-रेखांशासह नोंदले जावयाचे, मग पुढचा हप्ता. आणि तोवर कुटुंबाने राहावयाचे कोठे, या प्रश्नासाठी कोणत्याही प्रपत्रात रकाना नाही. घरकुलासाठी पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरण झाले आहे, पण ट्रॅक्टर मोफत नसतो. जागा, जात आणि यादी ही तिन्ही दिव्ये पार केलेला मनुष्य येथे सावकाराच्या दारी जातो.

खुद्द मोताळ्याची गत निराळी. तालुक्याच्या या गावी आता नगरपंचायत असल्याने ग्रामीण योजना त्याच्या हद्दीशी थांबते आणि नागरी आवास योजना सुरू होते. तीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाख रुपये मिळू शकतात. रक्कम मोठी, परंतु ती मिळण्यासाठी येथे नगरपंचायतीने सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करावयाचा, तो म्हाडामार्फत राज्याच्या समितीपुढे आणि तेथून केंद्राच्या मंजुरी समितीपुढे जावयाचा. असा अहवाल करण्यास अभियंता लागतो, नकाशा लागतो, मालकीहक्काची छाननी लागते. मोठ्या महानगरपालिका हे काम सल्लागार नेमून करवून घेतात. अल्प उत्पन्नाच्या आणि तोकड्या नोकरवर्गाच्या नगरपंचायतीने ते त्याच वेगाने करावे, ही अपेक्षा म्हणजे ज्या गावाची गरज मोठी त्याचीच फाइल मागे राहावी, अशी तजवीज आहे. स्पर्धेने वाटले जाणारे अनुदान नेहमीच लेखणी चांगली असलेल्यांकडे वाहते. आणि अडीच लाखांच्या या दाराशीही पहिला प्रश्न तोच: जागा कोणाच्या नावावर?

माझे म्हणणे एवढेच आहे की घराचा अर्ज लाभार्थ्याने करावा, पण जागेचा अर्ज गावाने करावा. अमेरिकेत बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे अनुदान मागताना एकेका प्रदेशातील नगरशासने आणि सेवासंस्था मिळून एकच सामाईक अर्ज करतात, आणि त्यासाठी जानेवारीच्या अखेरीस एका रात्री आपल्या मुलखातील बेघरांची गणना करणे त्यांच्यावर बंधनकारक असते. तो देश या बाबतीत आदर्श मुळीच नव्हे. जानेवारी २०२४ च्या त्या गणनेत ७ लाख ७१ हजारांहून अधिक बेघर निघाले. तरीही मोजण्याचे आणि मागण्याचे ओझे बेघराच्या खांद्यावर न टाकता स्थानिक संस्थेवर टाकावे, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे. ती आपल्यालाही सर्वस्वी परकी नाही. भूमिहीन शेतमजुरांना घरासाठी जागा देण्याची केंद्रीय योजना १९७१ मध्ये निघाली, १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमाने तिला वेग दिला, आणि त्या पिढीच्या खुणा म्हणून ‘बेघर वस्ती’ हे नाव धारण करणाऱ्या वस्त्या महाराष्ट्रातील किती तरी गावांच्या कडेला अद्याप आहेत. त्या वेळी क्रम साधा होता: आधी मोजलेली जागा, मग घर. पुढे घराची रक्कम वाढत गेली आणि जागेचे कलम मागे पडले.

यावर आक्षेप येईल की ग्रामपंचायतीच्या हाती जागा दिली तर सरपंचाचे सोयरेधायरे आधी वसतील. हा आक्षेप खोटा नाही. पण आजच्या पद्धतीत सोयरेधायरे वसत नाहीत असे कोण म्हणेल? फरक इतकाच की आज ती निवड चावडीच्या आड होते, आणि ग्रामसभेत भूमिहीनांची यादी वाचून, हरकती घेऊन, गट क्रमांकासह ठराव झाला तर ती दहा माणसांदेखत होईल. हंगामात परगावी गेलेल्या कुटुंबांची नावे गळू नयेत म्हणून ही यादी पेरणीच्या तोंडावर, माणसे गावात असताना करावी. मोजणीची फी शासनाने सोसावी. गटविकास अधिकारी, तहसीलदार आणि भूमी अभिलेख कचेरी यांनी तालुक्याचा मिळून एकच प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे रवाना करावा, आणि मोताळा नगरपंचायतीच्या अहवालासाठी जिल्ह्याने आपला अभियंता उसना द्यावा.

केंद्राने ९ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केलेला ग्रामीण आवास योजनेचा दुसरा टप्पा २०२८-२९ पर्यंतचा आहे. राज्याला त्यात पहिल्याच वर्षी जवळजवळ वीस लाख घरांचे लक्ष्य मिळाले, आणि लक्ष्य पुरे करण्याच्या घाईत ज्यांचा नमुना आठ तयार आहे अशांचीच घरे आधी उठणार हे उघड आहे. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. तिच्या विषयपत्रिकेवर घरकुलाच्या हप्त्यांचा विषय नेहमीच असतो; त्याच्या वर, पहिल्या क्रमांकावर, गावातील भूमिहीनांसाठी ‘ई-क्लास’च्या कोणत्या गटात किती जागा मोजावयाची हा विषय येत्या सभेपासून घालण्यास कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही.