फुलकारीचं जाकीट, चामड्याची बॅग

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरली, की घरोघरी एक वाद हमखास होतो. 'हे कशाला ठेवलंय अजून? बोहारणीला दिलं तर एखादं पातेलं तरी येईल,' असं घरातली तरुण मंडळी म्हणतात. आजी मात्र ती वस्तू हातातून सोडायला तयार नसते. 'असू दे, माझी आहे ती,' एवढंच म्हणते. का असू दे, ते आपण विचारत नाही आणि तीही सांगत नाही. ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते.

अशाच दोन जुन्या वस्तू अमृतसरच्या फाळणी संग्रहालयात ठेवल्या आहेत. एक आहे फुलकारीचं भरतकाम केलेलं जाकीट, दुसरी चामड्याची बॅग. १९४७ साली गुजराँवालाहून एक तरुणी जीव मुठीत धरून निघाली. मांडीवर दोन वर्षांचा भाऊ आणि सोबत एकच पिशवी. त्या पिशवीत तिने आपलं सर्वांत आवडतं जाकीट घातलं होतं. तिकडे मियाँवालीहून एक तरुण निघाला. त्याचे तीन भाऊ दंगलीत मारले गेले होते. त्याच्या बॅगेत होती शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं आणि घरा-जमिनीचे कागद.

या दोघांचं लग्न फाळणीपूर्वीच घरच्यांनी योजलं होतं. नंतर कोण कुठे गेलं, कोण जगलं, काहीच कळेना. आणि अमृतसरच्या निर्वासितांच्या छावणीत, जेवणाच्या रांगेत, दोघं अचानक समोरासमोर आले! मार्च १९४८ मध्ये त्यांचं अगदी साधेपणानं लग्न झालं. पुढे त्यांच्या कुटुंबीयांनी ते जाकीट आणि ती बॅग संग्रहालयाला दिली.

इतिहासाच्या पुस्तकात फाळणी दोन-चार पानांत संपते. सर सिरिल रॅडक्लिफ हे वकील ८ जुलै १९४७ ला भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलाही नव्हता. जेमतेम पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगालमधून सीमारेषा आखली. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यानंतर दोन दिवसांनी. तोवर आपलं गाव कोणत्या देशात आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. सव्वा ते दीड कोटी माणसं घराबाहेर पडली, लाखो मारली गेली. हे आकडे आपण वाचतो आणि पान उलटतो. पण पळून जाताना एका मुलीला आपलं जाकीट मागे ठेववेना, हे कळलं की ते पान सहजासहजी उलटत नाही.

त्या वेळी केवळ माणसांचीच नव्हे, वस्तूंचीही वाटणी झाली. लाहोरच्या संग्रहालयातला साठा टक्केवारीनं वाटला गेला. साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस टक्के भारताला. आपल्या वाट्याच्या गांधार शैलीतल्या मूर्ती आज चंदीगडच्या संग्रहालयात आहेत. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या काही हारांचे तर मणी ओघळून दोन्ही देशांनी वाटून घेतले! साडेचार हजार वर्षं जमिनीखाली एकत्र राहिलेले मणी स्वातंत्र्यानंतर वेगळे झाले. हा हार अर्धाच आहे, हे कुणी सांगितलं नाही, तर पाहणारा 'छान आहे' म्हणून पुढे निघून जाईल.

वस्तूंचं असंच असतं. त्या टिकतात, पण आपणहून बोलत नाहीत.

आणि ज्यांच्या मागे एकही वस्तू उरली नाही, त्यांचं काय? त्या धामधुमीत अब्रू वाचवण्यासाठी पंजाबातल्या कित्येक बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या. त्यांची ना पिशवी उरली, ना जाकीट. त्यांच्या आठवणीसाठी अमृतसरच्या त्याच संग्रहालयात एक विहीर उभारली आहे. जिथे वस्तू नाही, तिथे कलावंतालाच पुढे यावं लागतं.

सरदारीलाल पराशर हे असेच एक कलावंत. लाहोरच्या मेयो कलाशाळेचे ते उपप्राचार्य होते. फाळणीनंतर अंबाल्याजवळच्या बलदेवनगर छावणीची व्यवस्था त्यांच्याकडे आली. दिवसभर निर्वासितांची सोय लावायची आणि त्यातूनच वेळ काढून त्यांची रेखाचित्रं काढायची, असा त्यांचा क्रम. छावणीतल्याच मातीतून त्यांनी शिल्पंही घडवली. झेलमचे सतीश गुजराल यांनी लहानपणीच श्रवणशक्ती गमावली होती. निर्वासितांना सुखरूप इकडे आणण्याच्या कामात त्यांनी वडिलांना मदत केली होती. जे डोळ्यांनी पाहिलं ते त्यांना पुढे कित्येक वर्षं सोडत नव्हतं. त्यांच्या फाळणीच्या चित्रांतली ती वाकलेली, तोंड झाकून रडणारी माणसं पाहिली, की आकड्यांमागचे चेहरे दिसू लागतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं दूर पंजाबातलं! तसं नाही. सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ साली त्या वस्तीचं नाव 'उल्हासनगर' झालं. पण आजही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असंच म्हणतात. छावणी उठून गेली, शब्द मात्र राहिला. लोकलमधून रोज त्या गावावरून जाणाऱ्या किती जणांना त्या शब्दामागचा इतिहास ठाऊक असेल?

१९४७ साली दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीला टेकली आहेत. त्यांच्या ट्रंका अजून आहेत. परत जाऊ या आशेनं कुलूप लावून आणलेल्या घरांच्या किल्ल्याही कुठे कुठे असतील. पण ती किल्ली कोणत्या गावातल्या, कोणत्या घराची, हे सांगणारं माणूस गेलं की ती नुसती लोखंडाचा तुकडा होते. मग तिला भंगारात टाकणाऱ्या नातवाला तरी दोष कसा द्यायचा?

फाळणीच कशाला, प्रत्येक घरानं काही ना काही सोसलेलं असतं. कुणी धरणात गाव गमावलेलं असतं, कुणी गिरणी बंद पडताना पाहिलेली असते. तेव्हा पुढच्या वेळी ट्रंक खाली उतरली, की एवढंच करा. आजीला शेजारी बसवा आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारा, 'ही कुणाची? कुठून आणली? का ठेवलीस?' ती सांगेल ते चिठ्ठीवर लिहा, खाली साल घाला आणि ती चिठ्ठी त्या वस्तूला दोऱ्यानं बांधून ठेवा. मोबाइलवर तिचा आवाज टिपलात, तर उत्तमच.

बोहारणीला द्यायचं की ठेवायचं, ते त्यानंतर ठरवा. बहुतेक घरांत मग तो वाद होणारच नाही.