तळ्याकाठचा रविवार

परवा रविवारी बाबांना घेऊन पवई तलावावर गेलो. आमच्या जोगेश्वरी पूर्वेहून लिंक रोड धरला की थेट तिथेच. अर्थात सकाळी लवकर निघालात तर! नंतरच्या ट्रॅफिकबद्दल न बोललेलं बरं.

ऑनसाइटला मिनेसोटात असताना तिथली स्टेट पार्क पाहिली होती. तळं, भोवती पायवाट, बसायला बाकं. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याला भोक पाडून मासेमारी. बारा महिने काहीतरी चालूच. तेव्हापासून डोक्यात होतं, आपल्याकडे का नाही? तलाव तर आहेत की! विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. तिन्ही शहराच्या हद्दीत.

त्यामुळे महापालिकेने पवईला सायकल ट्रॅक करायला घेतला तेव्हा मी जाम खूश झालो. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितली, तेव्हा तितकाच चिडलो. सगळं झाडांना आणि प्राण्यांना, मग माणसांनी जायचं कुठे? मॉलमध्ये?

आता माझं मत बदललंय. तलावाचा काठ म्हणजे रिकामी जागा नव्हे, तो तलावाचाच भाग. पाणी पावसात तिथवर चढतं, उन्हाळ्यात मागे सरतं. पवईत मगरी आहेत. त्या उन्हं खायला आणि अंडी घालायला काठावरच येणार ना? शिवाय विहार आणि पवईचं ओसंडणारं पाणी मिठी नदीत जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिच्या उगमाशी पाण्याची जागा कमी करणं हा शहाणपणा नाही.

आणि तलावात सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, ते आधी थांबवायला नको का? आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कोसळतोय आणि आपण होमपेजचा रंग बदलतोय.

पण ‘तलावाकडे कुणी फिरकूच नका’ हेही मला पटत नाही. विहारचं पाणी आपण पितो, तो राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे बंदी योग्यच. पवईचं तसं नाही. रस्त्याच्या बाजूचा काठ आधीच बांधलेला आहे. तिथे सावली, बाकं, म्हाताऱ्यांना धरायला कठडे, स्वच्छतागृहं, हवं ते करा. पलीकडचा काठ मात्र सोडून द्या. लोक येऊन बसले नाहीत तर तलाव मेला तरी कुणाला कळणार आहे?

बाबा बराच वेळ पलीकडच्या झाडीकडे बघत बसले होते. म्हणाले, "तिकडे जाता येतं का रे?"

"नाही हो बाबा. मगरी असतात."

"मग बरंय. इथूनच बघू."

मला दोन वर्षं वाद घालून जे कळलं ते त्यांना दोन मिनिटांत कळलं. असो. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. येताना बाबांची टोपी विसरायची नाही, एवढंच.