कळ थांबली तरी सोनोग्राफी करा

रावेर-यावलच्या केळीबागायतदाराला वेगळं सांगायला नको. बोअरच्या पाण्यातले क्षार साचले की ठिबकचा ड्रीपर तुंबतो, मग नळ्यांत ॲसिड सोडावं लागतं. किडनीतून लघवीच्या पिशवीकडे येणारी नळी साधारण 25 ते 30 सेंटीमीटर लांब असते, आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद. तिच्यात मुतखडा अडकला की वरची लघवी खाली उतरत नाही आणि किडनी फुगते. रिपोर्ट वाचून डॉक्टर ‘किडनीला सूज’ म्हणतात, ती हीच. इथे ॲसिड सोडायची सोय नाही.

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. शेतात दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी तांब्याभर प्यायचं, मग लघवी गडद होऊन खडे धरणारच. लघवी फिकट दिसेल इतकं पाणी रोज प्या, पापड-लोणच्याचं मीठ कमी करा.

खडा अडकला की कमरेतून जांघेत कळ उतरते. माणूस गडबडा लोळतो, इंजेक्शन घेतो, कळ थांबते आणि घरचे म्हणतात, ‘पडला वाटतं खडा!’ इथेच फसगत होते. नळी बंदच राहिली तरी काही दिवसांनी दुखणं ओसरतं. दुसरी किडनी चांगली असेल तर लघवीही नेहमीसारखी होते, रक्ताचा रिपोर्टसुद्धा बरा येऊ शकतो. बंद नळीमागची किडनी मात्र काही आठवड्यांत कायमची निकामी होऊ लागते. 5 मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपसूक पडतात, म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. पण सांगितलेल्या तारखेला पुन्हा सोनोग्राफी कराच. कुळथाचं पाणी प्यायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर तारीख चुकवू नका. आणि बिअरने खडा पडतो ही निव्वळ पिणाऱ्यांची सोय आहे.

कळेबरोबर हुडहुडी भरून ताप आला, लघवी बंद झाली किंवा किडनी एकच असेल, तर सकाळची वाट पाहू नका. जळगावचं शासकीय मेडिकल कॉलेज किंवा धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते त्याच रात्री गाठा. तुंबलेल्या लघवीत पू झाला तर जिवावर बेततं.

नळी मोकळी राहावी म्हणून आत स्टेंट घालतात. बरं वाटलं की लोक तो विसरतात आणि महिनोन्‌महिने राहिलेल्या स्टेंटवरच खडे धरतात. तो काढायची तारीख दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्या आणि घरी आल्याबरोबर कालनिर्णयवर लिहा.