लहान फोन हवाय असं सगळेच म्हणतात, मग तो विकत घेतं कोण?

नवा फोन लाँच झाला की दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली किमतीची. दुसरी म्हणजे, 'एका हातात मावेल असा फोन आता कुणी काढतच नाही का?' ही दुसरी तक्रार गेली दहा वर्षं सुरू आहे, आणि त्याच दहा वर्षांत फोन मात्र मोठेच होत गेलेत.

मग लोक उगाच बोलतात, की कंपन्या ऐकत नाहीत? लहान फोन खरंच कुणाला हवाय का, आणि हवाय तर तो मिळत का नाही, हेच समजून घेऊया.

फोन मोठे झाले कसे?

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याची स्क्रीन होती ३.५ इंचांची. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी एका पत्रकार परिषदेत मोठ्या फोनची खिल्ली उडवली होती. हातात न मावणारा फोन कोण घेणार, असा त्यांचा सूर होता.

पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला. 'कानाला पाटी लावून बोलायचं का?' अशी त्याची थट्टा झाली. पण वर्षभराच्या आत सॅमसंगने १ कोटी नोट विकल्याचं जाहीर केलं.

शेवटी ॲपललाही वाकावं लागलं. २०१४ मध्ये ४.७ इंचांचा आयफोन ६ आणि ५.५ इंचांचा ६ प्लस आला. २०१३ च्या शेवटच्या तिमाहीत ॲपलने सुमारे ५.१ कोटी आयफोन विकले होते. २०१४ च्या त्याच तिमाहीत हा आकडा ७.४५ कोटींवर गेला.

गंमत म्हणजे याच आयफोनसोबत 'रीचेबिलिटी' नावाची सोय आली. बटणाला दोनदा हलका स्पर्श केला की स्क्रीनचा वरचा भाग खाली यायचा. अंगठा वरपर्यंत पोहोचत नाही, हे कंपनीलाही माहीत होतं. पण उपाय म्हणून फोन लहान झाला नाही, स्क्रीन खाली सरकली.

मग मिनी आला

लहान फोनची खरी परीक्षा झाली २०२० मध्ये. ॲपलने आयफोन १२ सोबत ५.४ इंचांचा आयफोन १२ मिनी आणला. रुंदी फक्त ६४.२ मिलिमीटर, वजन सुमारे १३५ ग्रॅम. चिप तीच, कॅमेरा तोच, ५जीसुद्धा होतं. 'लहान फोनमध्ये सगळं हलक्या दर्जाचं देतात' ही जुनी तक्रार त्याला लागूच नव्हती.

तरीही तो चालला नाही. काउंटरपॉइंट या संस्थेच्या आकडेवारीनुसार जानेवारी २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोनमध्ये १२ मिनीचा वाटा फक्त ५ टक्के होता. थोड्याच दिवसांत उत्पादन कमी केल्याच्या बातम्या आल्या. २०२१ मध्ये १३ मिनी आला. २०२२ मध्ये आयफोन १४ आला तेव्हा मिनी गायब होता आणि त्याच्या जागी ६.७ इंचांचा प्लस होता.

मिनी का आपटला?

पहिलं कारण बॅटरी. फोन लहान केला तरी चिप, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचं पोर्ट यांना जागा तेवढीच लागते. त्यामुळे जागेची सगळी काटछाट बॅटरीच्या वाट्याला येते. फोन उघडून पाहणाऱ्यांना आयफोन १२ मध्ये २८१५ एमएएचची बॅटरी सापडली, मिनीमध्ये २२२७ एमएएचची. म्हणजे जवळपास २१ टक्के कमी. संध्याकाळपर्यंत चार्जर शोधावा लागणारा फोन कितीही गोंडस असला तरी नकोसा होतो.

दुसरं कारण किंमत. भारतात १२ मिनी लाँच झाला ६९,९०० रुपयांना. त्याच वर्षी आलेल्या ४.७ इंचांच्या आयफोन एसईची लाँचची किंमत होती ४२,५०० रुपये. आणि मोठ्या स्क्रीनचा आयफोन ११ तेव्हा ५४,९०० रुपयांवर आला होता. ज्याला लहान आणि स्वस्त हवा होता, त्याने एसई घेतला. ज्याला पैसे वसूल करायचे होते, त्याने ११ घेतला.

इथे ग्राहकाची मानसिकताही आडवी येते. लहान वस्तू म्हणजे कमी पैसे, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. फोनचं गणित मात्र तसं चालत नाही. स्क्रीन अर्ध्या इंचाने कमी केली म्हणून चिप स्वस्त होत नाही. उलट तेच सामान कमी जागेत बसवायला डोकं आणि पैसा जास्त लागतो.

५ टक्के म्हणजे कमी की जास्त?

ॲपलने आयफोनच्या विक्रीचा वार्षिक आकडा शेवटचा जाहीर केला तो २०१८ या आर्थिक वर्षाचा, सुमारे २१.८ कोटी. समजा, यातले ५ टक्के लोक लहान फोन घेणारे आहेत. तरी ते होतात १ कोटीच्या वर. एखाद्या छोट्या कंपनीला एवढे ग्राहक मिळाले तर तिची दिवाळी होईल.

मग ॲपलने ते सोडले कसे? कारण कंपनी हिशेब वेगळा मांडते. मिनी बंद केला तर हे १ कोटी लोक जातील कुठे? आयफोनची सवय झालेला माणूस कुरकुर करेल आणि शेवटी ६.१ इंचांचा आयफोनच घेईल. म्हणजे मिनी बंद करून गिऱ्हाईक फारसं तुटत नाही. उलट वेगळी स्क्रीन, वेगळी बॅटरी, वेगळी जुळणी यांचा खर्च वाचतो.

लहान फोनच्या चाहत्यांची खरी अडचण ही आहे. त्यांची संख्या कमी आहे हे एक, आणि ते रुसून निघून जात नाहीत हे दुसरं.

अँड्रॉइडमध्ये काय झालं?

सोनीने 'कॉम्पॅक्ट' नावाची मालिका २०१८ पर्यंत चालवली आणि मग थांबवली. असुसने २०२१ पासून ५.९ इंचांचे झेनफोन काढले. त्यातला एक ८झेड या नावाने २०२२ मध्ये भारतात ४२,९९९ रुपयांना आला होता. पण २०२४ चा झेनफोन ११ अल्ट्रा थेट ६.७८ इंचांचा निघाला.

पेबल या स्मार्टवॉचचे निर्माते एरिक मिगिकोव्हस्की यांनी २०२२ मध्ये लहान अँड्रॉइड फोनसाठी ऑनलाइन मोहीमच उघडली. ५० हजार सह्या मिळवायच्या आणि एखाद्या कंपनीला फोन बनवायला तयार करायचं, असा बेत होता. प्रतिसाद हजारोंनी मिळाला, पण त्यातून फोन काही निघाला नाही. कारण सही करायला पैसे लागत नाहीत, फोन घ्यायला लागतात.

आपल्याकडे मोठाच फोन का लागतो?

भारतात बऱ्याच घरांत फोन हीच एकमेव स्क्रीन आहे. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोनचा टीव्ही झाला. क्रिकेटची मॅच, मालिका, स्पर्धा परीक्षेचे क्लास, मुलांचा ऑनलाइन अभ्यास सगळं त्यावरच. अमेरिकेतल्या माणसाकडे बहुतेक वेळा लॅपटॉपही असतो, त्यामुळे त्याला लहान फोन परवडतो. इथे फोनच लॅपटॉप आहे.

शिवाय देवनागरीला वर-खाली मात्रा, वेलांट्या, उकार असतात. अक्षर बारीक केलं की ते पटकन वाचता येत नाही. आजी-आजोबांसाठी फोन घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो तो 'अक्षरं मोठी दिसतील ना?' हाच.

तोटा कुणाचा होतो?

संशोधक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये, सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्यांच्या १,३३३ नोंदी घेतल्या. स्क्रीनला हात लावून काम करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते. तेव्हापासून फोन वाढले, हात तेवढेच राहिले.

बायकांचे हात सरासरी लहान असतात. २०१८ मध्ये ॲपलने ४ इंचांचा एसई बंद केला तेव्हा ब्रिटिश लेखिका कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांनी नेमका हाच मुद्दा काढला होता. एका हाताने लोकलची कडी धरून दुसऱ्या हाताने फोन वापरणाऱ्या मुलीला, संधिवात असलेल्या आजीला किंवा एकच हात वापरू शकणाऱ्या व्यक्तीला लहान फोन ही गरजेची गोष्ट असते. पण बाजार त्यांची गणती 'आवड असणाऱ्यां'मध्ये करतो.

आता काही बदलतंय का?

थोडं बदलतंय, आणि त्याचं कारण बॅटरी आहे. सिलिकॉन-कार्बन बॅटरीत नेहमीच्या ग्राफाइटसोबत सिलिकॉन वापरतात. त्यात तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा साठते. जून २०२५ मध्ये भारतात आलेल्या वनप्लस १३एसची स्क्रीन ६.३२ इंचांची आहे आणि बॅटरी ५८५० एमएएचची. पाठोपाठ ६.३१ इंचांचा विवो एक्स२०० एफई आला, ६५०० एमएएचच्या बॅटरीसह. दोघांची सुरुवातीची किंमत ५४,९९९ रुपये.

पण टेप काढून मोजलं तर वनप्लसच्या या 'कॉम्पॅक्ट' फोनची रुंदी भरते ७१.७ मिलिमीटर. आयफोन १२ मिनीपेक्षा साडेसात मिलिमीटर जास्त. म्हणजे लहान फोन परत आला असं म्हणण्यापेक्षा लहानची व्याख्या मोठी झाली, असं म्हणणं जास्त बरोबर.

थोडक्यात काय?

लहान फोनला मागणी आहे. ती कोटींमध्येही असू शकते. पण मोठ्या कंपनीला त्या मागणीतून नवा ग्राहक मिळत नाही आणि ती नाकारून जुना जात नाही, तोवर साडेपाच इंचांचा दमदार फोन परत येणं अवघड आहे.

तोवर फोन घेताना एक करा. जाहिरातीतल्या इंचांवर जाऊ नका. तो आकडा स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतचा असतो. हातात मावणं ठरतं ते रुंदी आणि वजनावर. रुंदी ७१ मिलिमीटरच्या आत आणि वजन १७० ग्रॅमच्या आत असेल, तर तो फोन आजच्या काळात लहानच समजायचा. दुकानात जाऊन एकाच हातात धरा आणि अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन बघा. पोहोचला, तर पुढचं बोलणं करा.