टाकी बांधली, प्रश्न गाडला

ऑक्टोबर २०१७ मध्ये महाराष्ट्रातील शहरे हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा सरकारने केली. शौचालये मोजली गेली. पण त्यांतील मैला जातो कोठे, याचा हिशेब कोणी मांडला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३८ टक्के शहरी कुटुंबांची शौचालये सेप्टिक टाकीला जोडलेली होती. भुयारी गटाराला जोडलेली त्याहून कमी, सुमारे ३३ टक्के.

टाकी ही अर्धीच व्यवस्था आहे. तीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि हवेविना जगणारे जंतू गाळाचा काही अंश पचवितात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू उरतातच. ते पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरले आणि गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसून त्यावर प्रक्रिया झाली, तरच काम पुरे होते. प्रत्यक्षात टाकीची नळी सर्रास उघड्या गटारात सोडली जाते. खर्च वाचतो तो इमारत बांधणाऱ्याचा. रोगराई येते ती गटाराकाठच्या झोपडपट्टीच्या वाट्याला.

वर्षानुवर्षे न उपसलेला गाळ घट्ट होतो, पंपाला ओढवत नाही, आणि मग माणूस उतरविला जातो. आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड प्रमाण वाढताच वास घेण्याची शक्तीच मारतो. एक कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. उतरणारे बहुतेक दलितच असतात, हा योगायोग कसा मानावा? १९९३ व २०१३ साली कायदे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरीही मृत्यू थांबले नाहीत, कारण पालिका कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि घरमालक दोघांकडे.

हे अटळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी वाईकडे पाहावे. तेथील नगरपालिकेने २०१८ पासून ठरावीक फेऱ्यांनी प्रत्येक टाकी यंत्राने उपसण्याची पद्धत सुरू केली. वेळेवर उपसलेला गाळ पातळ असतो. त्यासाठी माणूस उतरविण्याची गरजच पडत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: शोषखड्ड्याची वा गटारजोडणीची सोय पाहिल्याविना इमारतीला वापर परवाना नको, टाक्यांचा उपसा पालिकेनेच करावा, आणि सफाई कामगारांना त्याच यंत्रांवर कायम नोकरी मिळावी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कार्यकर्त्यांनी विचारावे: या प्रभागातील टाक्या शेवटच्या कधी उपसल्या, आणि कोणाच्या हातांनी?