विश्लेषण : संत्र्याचा बहार पावसाच्या लहरीवर का?

वाइनच्या बाटलीवर द्राक्षे कोणत्या वर्षीची ते छापलेले असते. हवामान बदलले की चव बदलते आणि भावही. बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पिकणाऱ्या संत्र्याच्या कॅरेटवर वर्ष नसते. बागायतदाराला मात्र ते तोंडपाठ असते : कोणत्या साली बहार फुटलाच नाही आणि कोणत्या साली फुटून गळाला.

ताण बसणे म्हणजे काय?

संत्र्याच्या झाडाला फुलण्याआधी विश्रांती लागते. त्यासाठी पाणी तोडतात, यालाच ताण देणे म्हणतात. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत ताण देऊन मग पाणी सोडले की फुले येतात आणि फळ दिवाळीच्या मागेपुढे तोडणीला येते. मृग बहारासाठी झाड उन्हाळ्यात तहानलेले ठेवून जूनच्या पावसाची वाट पाहायची. ताणाच्या काळात अवकाळी पाऊस झाला तर फुलांऐवजी नवती फुटते. काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे मोडलेला ताण पुन्हा बसवायला वेळ उरत नाही. मृगात तर पहिल्या पावसानंतर लांब खंड पडला तरी बहार हातचा जातो.

याच जळगाव जामोद तालुक्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. तिचे भाकीत पाऊस महिन्यांच्या हिशेबाने सांगते. संत्र्याचे गणित आठवड्यावर फिरते, हे भाकितावर विसंबणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

फळ धरले, मग धोका टळला?

नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झड लागली की पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी वाढते आणि आंबियाची पोसलेली फळे गळतात. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत तर याच दोन तालुक्यांत पूर येऊन शेतजमीनच खरडून गेली.

विम्याचे काय?

हवामान आधारित फळपीक विमा केंद्रावरचा पाऊस आणि तापमान मोजतो, झाडाखालचा सडा नाही. ही पद्धत सुटसुटीत आहे, हे मान्य. पण डोंगरालगत एका शिवारात धो-धो कोसळते आणि शेजारच्या गावात रस्ताही भिजत नाही. तिथे एका केंद्राचा आकडा साऱ्या मंडळाला लावणे अन्यायाचे ठरते. फळगळीचे पंचनामे त्याच आठवड्यात व्हायला हवेत. उशीर झाला तर फळे कुजून मातीत मिसळलेली असतात आणि व्यापाऱ्याने झाडावर केलेला सौदाही तोवर मोडलेला असतो.