कशेळीचे घड्याळ

ठाण्यातील बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कशेळी लागते. खाडीकाठच्या या गावाचा दिवस एकेकाळी भातशेती आणि भरती-ओहोटीच्या तालावर चाले. आज तो मालमोटारींच्या तालावर चालतो. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ते माणकोली या पट्ट्यातील गोदामांत देशभरातून आलेला माल उतरतो आणि मुंबई महानगरीच्या घराघरात पोहोचतो. मुंबईच्या जकातीच्या सीमेबाहेर जागा हवी, हे या गोदामांच्या वाढीचे एक कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. गोदामे मात्र राहिली आणि वाढली.

गर्दीच्या वेळी शहरात अवजड वाहनांना मज्जाव असतो. त्यामुळे माल भर दुपारी आणि रात्री उशिरा हलतो. घर निजते तेव्हा हमालाचे काम सुरू होते. शेजारच्या भिवंडीत यंत्रमागांची बारा-बारा तासांची पाळी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वडील घरी येतात तेव्हा मुले शाळेत, आणि मुले येतात तेव्हा वडील झोपेत किंवा कामावर. जे कुटुंब एकत्र जेवत नाही, त्यात संस्कार कोणी आणि केव्हा करायचे?

हा प्रश्न नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा त्यांच्या मागणीचा एक आधार होता. श्रमिकालाही कुलदैवत आहे, घर आहे, समाज आहे, हे त्यांनी मालकांना सांगितले. दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघ स्थापन केला आणि पुढे विश्वकर्मा जयंती हा श्रमिकांचा दिन ठरला, त्यामागेही हीच दृष्टी होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती आणि जादा कामाचा मोबदला या अटी त्यासोबत आहेत. उद्योग वाढला पाहिजे, यात दुमत नाही. परंतु ज्याची रोजची भाकरी ठेकेदाराच्या होकारावर अवलंबून आहे, त्याच्या संमतीला अर्थ किती? सरकार आपल्या विचारांचे असले, तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सगळेच काही शासनावर सोडून चालणार नाही. सायंकाळी या वस्त्यांत अभ्यासिका चालवावी, संस्कारवर्ग भरवावा, माथाडी कायदा १९६९ पासून अस्तित्वात आहे हे नाक्यावरच्या हमालाला समजावून सांगावे. मुंबईच्या प्रत्येक घरी वस्तू वेळेवर पोहोचते, कारण कशेळीत कोणीतरी आपली वेळ देऊन टाकलेली असते. त्या श्रमिकाला स्वतःच्या घरासाठी दिवसातला एक प्रहर तरी परत मिळवून देणे, हे समाजाचे ऋण आहे. ते फेडण्याची सुरुवात कार्यकर्त्यांनीच करावयाची आहे.